फौजेच्या बुटातला पुठ्ठा

बावीस वर्षं फौजेत काढून मी गोंदियाजवळच्या मुर्रीला परत आलो तेव्हा पहिले काही दिवस शेजारपाजारचे लोक संध्याकाळी लढाईच्या गोष्टी ऐकायला यायचे. मी सांगायचो बुटाच्या, झिपेच्या आणि हातमोज्याच्या. आठवडाभरात निम्मे लोक गळाले. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "तुमी फौजेत होते का एखाद्या दुकानात?"

तिचं काही चुकलं नाही. मी फौजेत होतो, पण मोची म्हणून. कागदावर माझ्या कामाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, अर्थ एकच: बूट, पट्टे, पाठीवरचे पिठ्ठू, तंबू, जे फाटेल ते शिवायचं. आणि जे चुकीचं विकत घेतलेलं असतं ते लवकर फाटतं. साहेब लोकांना खरेदीतला घोटाळा फायलीत दिसतो, मला तो टाचेत दिसायचा.

हे किस्से मी काही गोळा केलेले नाहीत, आपोआप साठत गेले. आता मुर्रीच्या रस्त्याला माझं लहानसं दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथे चार पेन्शनर येऊन बसतात. एकाने काही सांगितलं की दुसरा म्हणतो, "हे तं काहीच नाई, आमच्या युनिटात का झालं आयका." चहा दोनदा होतो आणि दुपार होते.

माझ्या बहुतेक किश्शांत सोमा उईके आहे, म्हणून त्याची ओळख आधी करून देतो. सोमा सालेकशाकडचा, जंगलातल्या गावातला. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो आणि गोंदिया स्टेशनावरून एकाच गाडीने गेलो. तो पुढे युनिटचा स्टोअर हवालदार झाला, म्हणजे आलेला माल उतरवून घेणं, तपासणं, ठेवणं आणि वाटणं त्याच्याकडे. बोलणं अगदी कमी. जे बोलायचा ते आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत, आणि साहेबांना ते हिंदीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे.

* * *

आम्ही डोंगरात होतो तेव्हाची गोष्ट. हिवाळ्याआधी हातमोज्यांचे गठ्ठे आले. सोमाने एक गठ्ठा फोडला, एक मोजा डाव्या हातात घातला, दुसरा उजव्या हातात घालायला लागला. जमेना. तो टाकला, तिसरा उचलला. मग चौथा. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मेश्राम, माह्या उजव्या हाताले का झालं बे?"

त्याच्या हाताला काही झालं नव्हतं. सगळेच्या सगळे मोजे डाव्या हाताचे होते.

आम्ही वर कळवलं. बर्फ पडायला लागला तेव्हा उत्तर आलं. मी ते स्वतः वाचलं आहे, म्हणून सांगतो. त्यात लिहिलं होतं की, उजव्या हाताच्या मोज्यांची गरज असल्यास स्वतंत्र मागणी नोंदवावी.

युनिटचा शिंपी आणि मी दोघं बसलो. डाव्या हाताचा मोजा उलटा केला की उजव्या हाताचा होतो, हे लहान लेकरालाही कळतं. फक्त आतलं लोकरीचं अस्तर बाहेर येतं. आम्ही निम्मे मोजे उलटे केले, शिवणी पुन्हा घातल्या आणि वाटले. त्या हिवाळ्यात आमच्या जवानांचा एक हात हिरवा आणि एक पांढरा दिसायचा. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी सोमाला विचारलं, हे असं का?

सोमाने दोन्ही हात पुढे केले. "साहेब, डावा सरकारचा. उजवा आपला."

मी हिंदीत सांगितलं. साहेब परत गेल्यावर पंधरा दिवसांत उजव्या हाताचे मोजे आले.

* * *

त्यानंतर आमच्याकडे क्वार्टरमास्टर म्हणून एक कॅप्टन मॅडम आल्या. युनिटच्या सगळ्या सामानाची जबाबदारी त्यांची. मूळच्या साताऱ्याच्या, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायच्या. सोमाचं निम्मं बोलणं त्यांना कळायचं नाही, पण त्या पुन्हा विचारायच्या. हे फार थोडे साहेब करतात.

दुसऱ्याच दिवशी स्टोअर पाहताना त्या एका मोठ्या लाकडी खोक्यापाशी थांबल्या. त्यावर आम्ही चहाचे कप ठेवायचो.

"यात काय आहे?"

"पाणी शुद्ध करायचं मशीन, मॅडम."

"चालतं का?"

"नवीन आहे, मॅडम," मी म्हणालो.

ते पाच वर्षांपासून नवीन होतं. आमच्यासारख्या बऱ्याच युनिटांना ती मशीनं आली होती. ज्याने घेतली त्याने कुठे बसवायची याचा विचार केलेला नव्हता, आणि आमच्या वरच्या चौकीवर वीज नव्हती. म्हणून जनरेटर मागितला. ह्याने लिहिलं, त्याने उत्तर दिलं, फाईल जाडजूड झाली. तोवर वरचे जवान नाल्याचं पाणी उकळून प्यायचे. रॉकेल संपलं की न उकळता प्यायचे आणि पोट धरून खाली यायचे. दरवर्षी दोघं-तिघं तरी यायचेच.

मॅडमनी खोकं उघडायला लावलं. आत मशीन, त्याच्यासोबत एक पुस्तक. पुस्तक कुठल्या भाषेत होतं ते कोणालाच कळलं नाही. मॅडम त्यातली चित्रं पाहत बसल्या. सोमा इकडे खोक्याच्या तळातला पेंढा उपसून राहिला होता. त्यात त्याला एक वाकडा लोखंडी दांडा सापडला. त्याने तो मशीनच्या बाजूच्या भोकात बसवला, खाली बादली लावली, नळी पाण्यात सोडली आणि दांडा दाबायला लागला. आठ-दहा दाबे झाले आणि पाणी आलं.

सोमाने वर पाहिलं. "मॅडम, हे तं हापशी हाये."

दोन दिवसांनी ते मशीन खेचराच्या पाठीवरून वर गेलं. त्या जाड फायलीला मॅडमनी शेवटचं पत्र लावलं, त्यात दोनच वाक्यं होती: "जनरेटरची गरज नाही. हवालदार उईके पुरेसे आहेत."

* * *

आता एक किस्सा माझ्याविरुद्धचा. रविवारच्या बैठकीत मी तो फारसा सांगत नाही.

मॅडम येण्याच्या आधी एकदा झोपण्याच्या पिशव्या आल्या होत्या, थंडीत आत शिरून झिप लावायची तशा. तपासणीला बोर्ड, म्हणजे माल पास करणारी समिती, बसला. बोर्डाचे प्रमुख एक वयस्कर मेजर होते, त्यांना लवकर निघायचं होतं. त्यांनी मला झिप लावून पाहायला सांगितलं. मी तीनदा लावली, तिसऱ्यांदा अडकली. मी ओढली, निघाली.

मेजर साहेबांनी विचारलं, "ठीक है ना?"

दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती. तिरोड्याला बहिणीचं लग्न होतं आणि तिकीट खिशात होतं. झिप खराब आहे म्हणालो असतो तर पूर्ण माल मोजून, उघडून, एकेक तपासावा लागला असता, आणि ते काम माझ्याच गळ्यात आलं असतं.

मी म्हणालो, "ठीक है, साब."

बहिणीचं लग्न लावून परत आलो तेव्हा बर्फ पडून गेला होता. एका पहाटे सरावासाठी सगळ्यांना अचानक बाहेर बोलावलं. एका जवानाची झिप अडकली आणि तो पिशवीसकट उड्या मारत बाहेर आला. पूर्ण प्लाटून हसली. मला हसू आलं नाही. तो सराव होता म्हणून उड्या मारत आला. खरोखरचं काही असतं तर कुठपर्यंत आला असता?

त्या हिवाळ्यात मी एकेक पिशवी मागवून घेतली आणि झिपा बदलल्या. कोणी सांगितलं नव्हतं. बोटांना चिरा पडल्या, त्यांत मेण भरायचो आणि पुढची घ्यायचो.

पुढे मॅडम आल्यावर एकदा मी हे त्यांना सांगून टाकलं. का सांगितलं ते मलाही माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं आता ऐकवतील.

त्या म्हणाल्या, "बहिणीचा संसार कसा आहे?"

"चांगला आहे, मॅडम. दोन मुलं आहेत."

"चला. म्हणजे त्या वर्षीची एक तरी गोष्ट टिकली."

मग जाताना दारातून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मात्र 'ठीक नाही' म्हणायचं."

* * *

ती पुढची वेळ बुटांची होती.

आमच्याकडे हिमाचलचा एक लान्स नाईक होता, ठाकूर म्हणून. उंच, गोरा, गाणं चांगलं म्हणायचा. बर्फातल्या गस्तीवरून आला तो दोघांच्या खांद्यावर. नवे बूट होते, त्याच महिन्यात मिळालेले. आत पाणी शिरलं, ते गोठलं आणि उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली. दवाखान्यात ती काढावी लागली.

महिन्याभराने तो कुबडी घेऊन माझ्याकडे आला. हातात तेच बूट. तक्रार करायला आला नव्हता. म्हणाला, "उस्ताद, ज़रा देख लो. मुझसे ही कोई गलती हुई क्या?"

त्याला वाटत होतं की आपणच नाडी नीट बांधली नसेल.

मी बूट पालथा घातला. तळव्याच्या कडेने शिवण दिसत होती, पण ती शिवण नव्हती. रबरावर शिवणीची नुसती खूण उठवलेली होती. तळवा डिंकाने चिकटवलेला. मी सुरी घातली आणि तळवा काढला. आत चामडं किंवा दाबलेल्या लोकरीचं फेल्ट असायला हवं होतं. आत पुठ्ठा होता, कुठल्यातरी खोक्याचा कापलेला. त्यावर निळ्या अक्षरांत छापलेलं होतं, "यह भाग ऊपर रखें."

ठाकूरने ते वाचलं. पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "तो मेरी गलती नहीं थी."

मी सोमाकडे गेलो. त्याच मालातले बूट स्टोअरमध्ये होते. सोमाने एकही प्रश्न न विचारता दहा जोड काढून माझ्यासमोर ठेवले. मी सगळे कापले. सातांत पुठ्ठा होता. मॅडमनी फोटो काढले, अहवाल लिहिला आणि वर पाठवला.

उत्तर आलं ते माझ्यावरच. पुरवठादाराचं म्हणणं असं की बूट उत्तम आणि जलरोधक आहेत, युनिटच्या मोच्याने धारदार हत्याराने सरकारी मालाची नासधूस केली आहे. चौकशी बसली. माझी दोन वर्षांची नोकरी उरली होती. चौकशीत दोषी ठरलो तर पेन्शनचं काय होईल, या विचाराने जेवण जाईना. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "तुमी कापले कायले? एकच कापून दाखवाचा होता."

मी म्हणालो, "एकाले ते चूक म्हन्ते. दहाले काय म्हननार?"

ती म्हणाली, "मंग बरं केलं."

चौकशीला बाहेरचे एक कर्नल साहेब आले. पुरवठादाराकडून एक तज्ज्ञ आला. चांगला कोट, हातात चामड्याची बॅग. त्याने अर्धा तास सांगितलं की हा बूट कसा तयार होतो आणि यात पाण्याचा थेंब कसा शिरू शकत नाही. मी कोपऱ्यात सावधान उभा. हिंदीत इतकं गोड बोलणारा माणूस पाहून मलाच वाटायला लागलं की बूट चांगला असेल.

त्याचं संपल्यावर मॅडम उठल्या. हिंदीत म्हणाल्या, "सर, एक विनंती आहे. साक्षीदारांचा बुटावर विश्वास आहे. त्यांनी यातला एक न कापलेला बूट घालावा आणि पाय पाण्याच्या बादलीत ठेवून बसावं. बाकीची चौकशी तशीच चालू द्यावी."

कर्नल साहेबांनी त्या तज्ज्ञाकडे पाहिलं. तो नाही कसा म्हणणार? नाही म्हणालं की झालंच सगळं.

सोमा बादली घेऊन आला. पाणी बाहेरच्या टाकीतलं, वर बर्फाचा पापुद्रा धरलेलं. तज्ज्ञाने आपला काळा बूट काढला, आमचा घातला आणि पाय आत ठेवला. मॅडम प्रश्न विचारू लागल्या. एकेक प्रश्न सावकाश. डिंक कोणता, रबर कुठलं, शिवण कोणत्या धाग्याची. सुरुवातीला त्याची उत्तरं लांब होती. हळूहळू लहान व्हायला लागली. नंतर नुसतं हो किंवा नाही. शेवटी कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आप ठीक हैं?"

त्याने पाय उचलला. बूट आला, तळवा बादलीतच राहिला.

सोमाने वाकून तळवा काढला, झटकला आणि टेबलावर फायलीच्या शेजारी ठेवला.

तो अहवाल मी पाहिला आहे. पंधरा-वीस पानांचा असेल. शेवटची ओळ एवढीच होती: "साक्षीदाराचा मोजा ओला आढळला."

माझ्यावरचा आरोप गेला. तो सगळा माल परत गेला, आमचाच नाही, इतर युनिटांचाही. पुरवठादाराचं नाव यादीतून निघालं. नवे बूट येईपर्यंत हिवाळा संपत आला होता, पण आले. पहिला जोड आम्ही ठाकूरला दिला. तो तोवर कार्यालयात काम करू लागला होता. उजव्या बुटाच्या टोकाला, जिथे बोटं नव्हती तिथे, मी मेंढीची लोकर शिवून भरली. त्याने बूट घातला, खोलीत चार पावलं टाकली, वळला, परत चार पावलं टाकली. आणि मग त्याने, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, गाणं म्हटलं.

आमच्या भागात तेव्हापासून एक पद्धत पडली. बुटांची तपासणी असली की बोर्डावर एक मोची बसतो आणि त्याची सही लागते. माझ्या जागी आता जो मुलगा गेला आहे तो कधीमधी फोन करतो. परवा म्हणाला, "उस्ताद, कल मैंने कर्नल साब के सामने 'ठीक नहीं है' बोला."

"फिर?"

"फिर चाय आई."

* * *

आता शेवटचा. हा युनिटातला नाही, इकडचाच आहे.

एकदा मी आणि सोमा एकाच वेळी रजेवर आलो होतो. मार्च-एप्रिलचे दिवस, मोहफुलांचा हंगाम. मी आदल्या संध्याकाळीच गोंदियाहून त्याच्या गावी मुक्कामाला गेलो. सकाळी फटफटताच सोमाची माय आम्हाला दोघांना टोपली देऊन झाडाखाली घेऊन गेली. हवालदार असो की सुभेदार, तिच्या घरी आलेल्याने आधी फुलं वेचायची.

आम्ही वेचत असतानाच बैलगाडीच्या वाटेने एक पांढरी गाडी आली. त्यातून एक माणूस उतरला. थंडीच्या जॅकेटांच्या एका पुरवठादाराचा तो एजंट होता. रजा संपली की त्या जॅकेटांची तपासणी सोमाच्या हातून होणार होती. इतक्या लांब, सालेकशाच्या जंगलात, त्याने घर कसं शोधून काढलं देव जाणे.

तो हात जोडून मायजवळ गेला. "माताजी, प्रणाम. आपसे ही मिलने आया हूँ."

मायने त्याच्याकडे पाहिलं आणि हातात टोपली दिली. "आधी वेच. ऊन चढलं का ढोरं खातेत."

त्याला वाटलं, हे केलं की काम होईल. त्याने पँट वर केली आणि वेचायला लागला. फुलं वेचणाऱ्या गावच्या बायकांत वाकून वाकून तासभर वेचलं. पाठ धरली, पण अर्धी टोपली भरली. आम्ही त्याच्याशी बोललो नाही, त्याने आमच्याशी बोलायचं धाडस केलं नाही.

ऊन आलं तशी माय बसली. तिने त्याची टोपली पाहिली, त्यातला हिस्सा काढला, एका फडक्यात बांधला आणि गाठोडं त्याच्या समोर ठेवलं. "हे तुह्या मजुरीचं. चांगला वेचलास."

मग त्याने खिशातून मखमली डबी काढली आणि मायच्या हातात दिली. आत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

मी सोमाकडे पाहिलं. तो दगडासारखा उभा. मायने डबी उघडली. तिने जन्मात सोनं घातलेलं नव्हतं. तिने एक पाटली काढून मनगटात चढवली. मग दुसरी. हात उन्हात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. तिला आवडलं होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सोमाने मान खाली घातली.

"हे कायची मजुरी होय?" मायने विचारलं.

एजंट हसला. "मजदूरी नहीं, माताजी. ऐसे ही."

माय हात पाहतच म्हणाली, "ऐसेच तं झाड बी देत नाई, बाबू. अंधारात उठून वेचा लागते."

तिने एक पाटली उतरवली, दुसरी उतरवली, लुगड्याला पुसून डबीत ठेवली आणि डबी त्याच्या गाठोड्यावर ठेवली.

एजंट उठला. मग डबी उचलून त्याने खिशात कोंबली. मोहफुलांचं गाठोडं मात्र गाडीपर्यंत दोन्ही हातांनी धरून नेलं.